बोंबील टिकतो, सदरा जातो

डोंगरी-उत्तनच्या पट्ट्यात दोरीवर दोन वस्तू वाळतात. एक बोंबील, दुसरे कपडे. ऊन तेच, वारा तोच, दोरीही बहुधा एकाच दुकानातली. पण ओला बोंबील म्हणजे सकाळचा संध्याकाळपर्यंत न टिकणारा जीव, आणि एकदा नीट वाळला की आख्खा पावसाळा काढतो. सदऱ्याचं उलटं. तो दुकानातून येतो तो वर्षानुवर्षं टिकायच्या बोलीवर, आणि आमच्या दोरीवर वाळता वाळता संपतो. यात उन्हाचा काही पक्षपात नाही. बोंबलाच्या मागे त्याचं बरं व्हावं असं मनापासून वाटणारी एक बाई उभी असते. सदऱ्याच्या मागे कुणी नसतं.

भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत बस डोंगरीला येते आणि तशीच पुढे उत्तनला जाते. पाऊस सरला की किनाऱ्याजवळ बांबूच्या वलांडी उभ्या राहतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. चिमटा नाही, हँगर नाही, इस्त्री नाही. जोड्यांमध्ये वारा खेळेल इतकं अंतर सोडायचं. एक बाजू सुकली की फिरवायचे. दव पडायच्या आत काय उतरवायचं आणि काय राहू द्यायचं, ते आभाळाकडे एकदा बघून ठरवायचं. मोबाईलवरचं हवामान बघणारी मुलं घरात आहेत, पण मोबाईलने ‘पाऊस नाही’ म्हटलं आणि शेजारच्या मावशींनी ‘येनार’ म्हटलं की मुलं निमूट टोपल्या घेऊन पळतात.

मावशींच्या अंगणाच्या पलीकडे आमची कपड्यांची दोरी. तिच्यावर सदरे एकमेकांच्या खांद्यावर खांदा टाकून, विसर्जनाच्या मिरवणुकीसारखे कोंबलेले. सकाळी नऊला टाकलेले कपडे साडेअकराला वाळतात आणि संध्याकाळी सहाला उतरवले जातात. मधले साडेसहा तास ते कशासाठी भाजत असतात, हे आमच्या घरात कुणी सांगू शकत नाही. मावशींनी एकदा कुंपणावरून विचारलंही, “कपऱ्यांना वारा पायजे, भाऊ. भाजून काय खानार हाय का?”

मावशींचं शास्त्र बरोबर आहे. कापड वाळतं ते वाऱ्याने. ऊन फक्त घाई करतं, आणि घाईची किंमत रंग देतो. उन्हातली अतिनील किरणं रंगाचे रेणू तोडतात आणि रंग उडाल्यावर सुताकडे वळतात. म्हणून सदऱ्याचे खांदे आधी विटतात, पाठ नंतर. आमच्या घरातले सगळे गडद टी-शर्ट खांद्यावर फिकट आणि खाली गडद आहेत. धाकट्याच्या मते ती फॅशन आहे आणि बाहेर तिचे जास्त पैसे पडतात. कपडा उलटा करून वाळत घातला तर निदान नुकसान आतल्या बाजूचं होईल, हे साधं आहे. पण उलटा कपडा दोरीवर दिसला की आईला तो अपशकुन वाटतो, आणि ती येता-जाता एकेक सुलटा करून ठेवते.

खरं तर या सूचना प्रत्येक कपड्याच्या मानेपाशी शिवलेल्या असतात. आपण नवा सदरा घरी आणल्यावर पहिलं काम कुठलं करतो? ती पट्टी मानेला टोचते म्हणून कात्रीने कापून टाकतो. त्या पट्टीवर एक चौकोन असतो. चौकोनात उभी रेघ असली तर दोरीवर वाळवा, आडवी रेघ असली तर आडवं पसरून वाळवा, कोपऱ्यात तिरपी रेघ असली तर सावलीत वाळवा. घमेल्यासारख्या चित्रात तीसचा आकडा असला तर पाणी तीस अंशांपेक्षा गरम नको. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. एवढी सोपी लिपी जगात दुसरी नसेल. तरी आपल्याकडे ती वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. आमच्याकडे धुण्याचे नियम दोनच: पांढरे वेगळे, आणि सासूबाई आलेल्या असल्या तर सगळंच वेगळं.

कपडे वापरून झिजतात असा एक गोड समज आहे. मशीनच्या जाळीत जो राखाडी कापूस साठतो, तो बोटांच्या चिमटीत धरून पाहावा. तो मळ नव्हे. तो आपलाच सदरा आहे, हप्त्याहप्त्याने जमा झालेला. प्रत्येक धुण्याला थोडं थोडं कापड त्या जाळीत जातं, आणि आपण ते नाक मुरडून कचऱ्यात टाकतो. ऑफिसात खुर्चीवर आठ तास बसून सदऱ्याचं जितकं बिघडत नाही, तितकं मशीनमध्ये तासभर जीन्सच्या चेनवर घासून बिघडतं. ती चेन लावून, जीन्स उलटी करून टाकली तर बाकीचे कपडे वाचतात. पण जीन्स काढणाऱ्याने ती जशी उतरवली तशीच, दोन पायांचे दोन आकडे करून जमिनीवर सोडलेली असते, आणि मशीन लावणाऱ्याने तिला शिक्षा म्हणून तशीच आत टाकलेली असते. घरोघरी कपड्यांचा जीव जातो तो या शीतयुद्धात.

पूर्वी मशीन नव्हतं तेव्हा कपडे टिकायचे, असं म्हणणाऱ्यांनी विहिरीवरचा दगड आठवावा. ते धुणं नव्हतं, ती मारामारी होती. ओल्या धोतर-सदऱ्याचा पिळा डोक्यावरून फिरवून दगडावर आपटला की आवाज पलीकडच्या पाड्यात जायचा आणि बटणं त्याच्याही पलीकडे. घरातल्या घरात जी भांडणं करता यायची नाहीत, ती विहिरीवर धोतराशी व्हायची. तरीही ते धोतर टिकायचं, कारण एक तर कापड जाड होतं, आणि दुसरं म्हणजे आठवड्यात धुण्याच्या पाळ्या मोजक्या होत्या. सदरा संध्याकाळी खुंटीला टांगायचा, रात्रभर वारा खायला द्यायचा आणि सकाळी पुन्हा घालायचा. आता खुंटी गेली. भिंतीला खिळा मारायला सोसायटीची परवानगी लागते. म्हणून बसमधून भाईंदर स्टेशनपर्यंत जाऊन आलेला सदरा थेट बादलीत पडतो, जणू तो तापाच्या साथीतून आलाय.

धुण्याची खरी जात ओळखायची तर महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर उभं राहावं. परदेशी पाहुणे तिथून धोबीघाटाचे फोटो काढतात. त्यांचं लक्ष दगडी टाक्यांकडे असतं. आपण दोऱ्या बघाव्यात. दोन दोऱ्या एकमेकींना पीळ देऊन ताणलेल्या, आणि कपड्याचं टोक त्या पिळात खोचलेलं. चिमटा नाहीच. डोंगरीच्या माणसाने हे पाहून हात जोडावेत अशी गोष्ट आहे, कारण समुद्राकाठी चिमट्यांसारखा दुसरा शत्रू नाही. प्लॅस्टिकचे चिमटे आमच्याकडे उन्हाने ठिसूळ होतात आणि हात लावला की तुकडे पडतात. स्प्रिंग मात्र मरत नाही, ती गंजते. मग पांढऱ्या सदऱ्यावर बरोबर दोन तपकिरी ठिपके उमटतात, खांद्याला एकेक, हुद्द्याच्या बिल्ल्यासारखे. तारेची दोरी असेल तर अख्खी आडवी रेघ मिळते. गंजाचा डाग साबणाने हलत नाही. लिंबू पिळून, वर मीठ चोळून ठेवलं तर हळूहळू जातो. लिंबातली आंबटाई गंज विरघळवते. आमच्या घरी लिंबू-मीठ लावलेला सदरा पाहून एक पाहुणे म्हणाले होते, “आता फक्त हिरवी मिरची लावायची राहिली.”

खाऱ्या हवेचा दुसरा छळ असा की कपडा वाळलाय की नाही, ते कळतच नाही. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. भाईंदरच्या मिठागरांना जो खारेपणा वरदान, तोच आमच्या बनियनला शाप. दुपारी कुरकुरीत वाटलेला टॉवेल संध्याकाळी पुन्हा दमट. त्यात डोंगरावरच्या कचऱ्याच्या ढिगातून धूर निघाला आणि वारा आमच्याकडे असला, तर दोरीवरून उतरवलेले कपडे होळीला जाऊन आल्यासारखे. आणि वारा खालून, वलांडीकडून आला तर काय होतं, ते मी सांगायची गरज नाही. लोकलमध्ये आमच्याशेजारी बसायला जागा मिळते, एवढंच सांगतो.

या वासावरचा उपाय मात्र डोंगरीतच सापडतो. मासळीचा वास ज्या द्रव्यांचा, ती अल्कधर्मी; त्यांच्यावर आंबट काही पडलं की ती गप्प होतात. आमच्या ईस्ट इंडियन शेजाऱ्यांकडे सिरका बारा महिने असतो, सोरपोतेलसाठी. शेवटच्या खळबळण्याच्या बादलीत त्यातला पळीभर टाकला की वास जातो, आणि वर साबणाचा उरलेला अंशही निघतो. कोकमाचं आगळही आंबटच असतं, पण ते टाकू नये. वास जाईल, सदरा जांभळा होईल.

साबणाचा उरलेला अंश ही बाब जरा फोड करून सांगण्यासारखी आहे, कारण महाराष्ट्राची अर्धी कपाटं तिच्यापायी वाया गेली आहेत. सर्फ आपल्याकडे १९५९ साली आला. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, अहमदाबादला करसनभाई पटेलांनी निरमा काढला आणि सायकलवरून घरोघरी विकला. त्याआधी साबणाची वडी घासायची. पावडर आली आणि तिच्याबरोबर फेस आला. फेसाने आपल्याला जे वेड लावलं, ते अजून उतरलेलं नाही. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हे समीकरण पक्कं. फेसाचा मळाशी फारसा संबंध नसतो. पण बादलीवर फेसाचा डोंगर उभा राहिला नाही तर आईला धुणं झाल्यासारखं वाटतच नाही, आणि ती आणखी एक मूठ टाकते.

आता पुढची साखळी बघा. इथे विहिरीचं आणि बोअरचं पाणी जड. नळाचं पाणी गोडं, पण ते रोजच्या रोज येईल असं नाही. म्हणजे पावडर दोन मुठी आणि खळबळायला पाणी एक बादली. पावडर कपड्यातच राहते. कपडा पत्र्यासारखा वाळतो. मग तो मऊ व्हावा म्हणून निळ्या बाटलीतलं सुगंधी कंडिशनर आणायचं. कंडिशनर धाग्यांवर एक गुळगुळीत थर चढवतं. टॉवेल मांजरासारखा मऊ होतो आणि मांजराइतकंच पाणी टिपतो. म्हणून घासून घासून अंग पुसायचं, टॉवेलचे धागे निघतात, ‘टॉवेल टिकत नाहीत हल्ली’ म्हणत नवा टॉवेल आणायचा. या सगळ्या खर्चाचं मूळ ती दुसरी मूठ. निम्मी पावडर टाकली असती तर टॉवेलही वाचला असता, पाणीही वाचलं असतं, आणि आई माझ्याशी आठवडाभर बोलली नसती.

आईचा दुसरा विश्वास खळीवर आहे. सुती साडी, सदरा, उशीचे अभ्रे, पडदे, काहीही असो, साबुदाण्याची खळ हवी. खळीचा कपडा दिसतो झकास, यात वाद नाही. पण कडक झालेलं कापड घडीच्या रेघेवर दुमडून पुन्हा पुन्हा मोडलं की धागा तिथेच तुटतो. पावसाळ्यात बुरशीलाही ती पिठूळ मेजवानी फार आवडते. हे सांगितल्यावर आईने मला एवढंच विचारलं, “तुझ्या वडिलांचे सदरे कोण सांभाळत होतं?”

डागांच्या बाबतीत या भागाचा हात कुणी धरू शकणार नाही, कारण आगरी-कोळी पट्ट्यात लग्नापेक्षा हळद मोठी असते. हळदीच्या रात्री डीजे, मटण आणि पांढरा कुर्ता. हा पांढऱ्या कुर्त्याचा हट्ट कुणी सुरू केला असेल तो असो. दुसऱ्या दिवशी कुर्ता बादलीत पडतो, साबण लागतो आणि पिवळा डाग एकदम लालभडक होतो. नव्या सुनेने हे पहिल्यांदा पाहिलं तर लग्नात काहीतरी अघटित घडून गेलं असं तिला वाटतं. साबणाच्या क्षाराने हळद लाल होते, घाबरायचं काम नाही. पाण्याने साबण काढला की पुन्हा पिवळी. आणि इथे उन्हाला एकदाच मान द्यावा: हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. तो डाग घासू नये, उन्हाला लावून ठेवावा. जे ऊन निळ्या सदऱ्याचा काळ आहे, तेच पांढऱ्या कुर्त्याचा वैद्य होतं. रक्ताच्या आणि मासळी साफ करतानाच्या डागांना मात्र गरम पाणी लावायचं नाही. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं शिजतात आणि डाग कायमचा मुक्कामाला राहतो. अंडं तव्यावर चिकटतं तेव्हा हे सगळ्यांना कळतं. मोरीत गेलं की विसरतात.

रेशमाच्या बाबतीत एक गोष्ट जाहिराती जरा हळू आवाजात सांगतात. हल्लीच्या बऱ्याच पावडरींत डाग खाणारी एन्झाइम्स असतात. ती प्रथिनांवर ताव मारतात, आणि रेशीम हे प्रथिनच. एन्झाइमला पैठणी कुठली आणि आमटीचा डाग कुठला हे कळत नाही. पुढ्यात येईल ते खातं. रेशमाला आपला रिठाच बरा. आणि तोही वर्षाच्या वर्षाला नको.

याचा पुरावा पाहिजे तर डोंगरीतल्या जुन्या ख्रिस्ती घरांतल्या पेट्या उघडायला लावाव्यात. पोर्तुगीज काळापासून इथे चर्च आहे, आणि काही लुगडी पाहिली की तीही त्याच सुमारास आली असावीत असा संशय येतो. लाल चौकड्यांचं, काठाला गर्द रंग असलेलं आजीचं लुगडं नात लग्नात नेसते आणि ते काल घेतल्यासारखं दिसतं. मी एका आजींना विचारलं की हे धुता कशाने. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “धुवाचं कशाला? ते काय मलतं?” सणाला नेसायचं, परत आल्यावर सावलीत, वाऱ्यावर दुपारभर टाकायचं, घडी दर वेळी दुसऱ्या रेघेवर घालायची आणि पेटीत ठेवायचं. संपलं. तीन पिढ्या चाललेल्या वस्त्राचं रहस्य एवढंच की त्याच्या नशिबी आमच्यासारखं स्वच्छ घराणं आलं नाही.

कापडाचा शेवटच्या धाग्यापर्यंत मान राखणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला, तो परीट समाजातलाच. गाडगेबाबांचा जन्म १८७६चा. ज्यांच्या घराण्याने गावाचे कपडे पांढरेशुभ्र करून दिले, त्यांनी स्वतः चिंध्या जोडून केलेलं वस्त्र पांघरलं. लोक त्यांना चिंधेबुवाही म्हणत. आपल्या घरातही पूर्वी कापडाला निवृत्तीची नीट पायऱ्या लावून दिलेली वाट होती. सदरा ऑफिसचा, मग घरातला, मग रंगपंचमीचा, मग गोधडीच्या पोटातला, शेवटी मोरीतलं फडकं. आता फडकीसुद्धा विकत आणतो, मायक्रोफायबरची. आणि तीही धुतो, कंडिशनर घालून.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात आटोपतो, कारण तेव्हा कुणाची बुद्धी चालत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. म्हणजे वलांडी रिकाम्या, दोऱ्याच दोऱ्या, आणि ऊन नाही. चार महिने घरात कपड्यांखालून वाकून चालावं लागतं. स्वयंपाकघरातून बाहेर येताना ओल्या पायजम्याचा पाय गालावरून फिरतो. पंखा पाचवर, त्याखाली मोजे. या दिवसांत एकच पथ्य पाळण्यासारखं: मशीन थांबल्या थांबल्या कपडे बाहेर काढावेत. आत तसेच राहिले की जो कुबट वास धरतात तो दिवाळीपर्यंत सोडत नाही. अंतर्वस्त्रं इस्त्रीने वाळवू नयेत; उष्णतेने इलॅस्टिक मरतं, आणि ते कधी, कुठे मेलं हे माणसाला भर फलाटावर कळतं. अवकाळी पावसाचं दुःख वेगळं. त्यात बोंबील भिजले तर पंचनाम्याची आणि भरपाईची मागणी होते, पेपरात फोटो येतो. आमचे कपडे भिजले तर बायको एवढंच म्हणते, “घरात कुणाला डोळे नव्हते का?”

हे सगळं ज्ञान मी सांगतोय खरं, पण कापडाची खरी तज्ज्ञ म्हणजे बोहारीण. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची पातेली आणि हल्ली प्लॅस्टिकचे टब. तिच्यासमोर गठ्ठा टाकावा आणि तिचे हात बघावेत. सदरा उचलते, आधी कॉलर उलटी करून बघते, मग काख, मग पँट असेल तर तिची बैठक. मग दोन्ही हातांनी कपडा उजेडासमोर धरते. विरळ झालेलं कापड उजेडात लपत नाही. परवा तिने आमचा पूर्ण गठ्ठा असा एकेक उजेडाला धरला आणि बाजूला सारला. “ताई, ह्ये वापरल्यालं न्हाय, ह्ये धुऊन धुऊन मारल्यालं हाय.” बायको खवळली. स्वच्छतेचा असा उघड अपमान तिच्या माहेरीही कुणी केला नव्हता.

बोहारणीची नजर तेवढ्यात कपाटाच्या आतल्या कोपऱ्यावर गेली. तिथे माझा लग्नातला सूट होता. एकदाच घातलेला, कधीच न धुतलेला, उन्हाचं तोंडही न पाहिलेला. तिने तो उजेडाला धरला. एक किरण आरपार आला नाही. “ह्ये द्या,” ती म्हणाली, “मोठं पातेलं देते, जाड बुडाचं.” मी काही बोलायच्या आत सौदा झाला होता. कमरेत तो यायचा थांबून बरीच वर्षं झाली आहेत, हा मुद्दा माझ्या बाजूचा नव्हता.

पातेलं खरोखरच दणकट आहे. आईने त्यात त्याच दिवशी साबुदाण्याची खळ शिजायला ठेवली.